न झालेल्या निर्णयाची कमाई
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



खाणींचा विषय निघाला की कार्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे साधारणपणे दोन चित्रे उभी राहतात. लाल गाळाने भरून गेलेली शेते आणि धूळ उडवीत जाणाऱ्या ट्रकांची रांग हे एक. खाणमालकाचा वाडा हे दुसरे. या दोहोंच्या दरम्यान एक तिसरी जागा आहे आणि तिच्याकडे चळवळीचे लक्ष फारसे गेलेले नाही. ती जागा म्हणजे खाण खात्याच्या कचेरीतले अर्जांचे कपाट. जमिनीखालचे खनिज कोणाच्या पदरात पडणार आणि किती वर्षे पडणार हे आधी त्या कपाटात ठरते, आणि मग डोंगरावर यंत्र चढते. अर्ज कोणी केला, तो कोणत्या तारखेला दाखल झाला, त्यावर कोणाचा शेरा पडला, सुनावणी झाली की नाही, कारणे लिहिली गेली की नाही, आणि मुख्य म्हणजे अर्ज किती वर्षे तसाच पडून राहिला, या प्रश्नांचा विचार करणाऱ्या शास्त्राला प्रशासकीय कायदा म्हणतात. हा वकिलांचा रुक्ष प्रांत आहे अशी समजूत करून घेऊन चळवळीने त्याकडे पाठ फिरवली. त्याची किंमत गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी मोजली, आणि पुढे खाणीवर राबणाऱ्या कामगारांनीही मोजली.

गोव्याची हकीकत तपशिलाने सांगण्याजोगी आहे. पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या हुकुमानुसार खाणींची कन्सेशने दिली जात आणि त्यांना मुदत नसे. वसाहतीतल्या डोंगराचे पुढच्या पिढीत काय होईल याची चिंता वाहण्याचे साम्राज्याला काही कारणच नव्हते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. भारतात त्या वेळी १९५७ चा खाणी व खनिजे (नियमन व विकास) कायदा अमलात होता. तो १ ऑक्टोबर १९६३ पासून गोव्याला लागू करण्यात आला. (पुढे १९९९ च्या दुरुस्तीने या कायद्याच्या नावातले दोन शब्द पुढेमागे झाले आणि ‘नियमन व विकास’ याचे ‘विकास व नियमन’ झाले. एखाद्या राजवटीचा कल कोठे आहे हे पाहायला कधी कधी कायद्याचे नुसते शीर्षक पुरते.) अमर्याद मुदतीच्या हक्काला या कायद्यात जागा नव्हती. तरीही परक्या राजवटीची कन्सेशने चालूच राहिली. ती रद्द करून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा संसदेने केला तो १९८७ साली, म्हणजे मुक्तीनंतर पंचवीस वर्षे उलटून गेल्यावर.

हा कायदा २० डिसेंबर १९६१ पासून अमलात आल्याचे मानले गेले. कन्सेशनधारक अर्थातच न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने १९९७ साली कायदा मुख्यतः वैध ठरवला, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात जाऊन पडला. दरम्यान खाणी चालू होत्या. १९८७ च्या कायद्याने रूपांतरित पट्ट्यांना संमतीनंतर सहा महिन्यांची, म्हणजे २२ नोव्हेंबर १९८७ पर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतरचे पहिले नूतनीकरण जास्तीत जास्त वीस वर्षांचे. ते २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपले. दुसरे नूतनीकरण हवे असेल तर मूळ कायद्याच्या आठव्या कलमात एक स्वतंत्र अट होती: खनिजविकासाच्या हितासाठी ते आवश्यक आहे असे राज्य शासनाचे मत झाले पाहिजे, आणि त्या मताची कारणे शासनाने लेखी नमूद केली पाहिजेत. एका वाक्याची अट. पण त्या वाक्यात शासनाला विचार करायला लावण्याची, आणि केलेला विचार कागदावर उतरवायला लावण्याची सक्ती आहे.

खाणधारकांनी अर्ज केले. शासनाने बहुतेक अर्जांवर निर्णयच केला नाही.

येथे १९६० च्या खनिज सवलत नियमांतला चोविसावा ‘अ’ नियम उपयोगी पडला. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी बारा महिने आधी दाखल झाला असेल आणि मुदत संपेपर्यंत शासनाने त्यावर निकाल दिला नसेल, तर शासन आदेश देईपर्यंत पट्टा चालू आहे असे मानावे, असे त्याचे सहावे पोटकलम सांगत होते. याला मानीव मुदतवाढ म्हणतात. मूळ हेतू वाईट नव्हता. कचेरीच्या दिरंगाईची शिक्षा वेळेवर अर्ज करणाऱ्याला होऊ नये, चालती खाण एका रात्रीत बंद पडून कामगार उघड्यावर पडू नयेत, असा तो हेतू होता. पण जी तरतूद दिरंगाईवरचा उतारा म्हणून आली तीच दिरंगाईचे कारण होऊन बसली. निर्णय झाला तर तो मंजुरीचा असेल वा नामंजुरीचा. मंजुरीचा असेल तर कारणे लिहावी लागतील, अटी घालाव्या लागतील, त्या आदेशाला कोणी तरी न्यायालयात आव्हान देईल. निर्णयच झाला नाही तर यांपैकी काहीच होत नाही. आव्हान द्यायला आदेश नाही, आदेश नाही म्हणून कारण नाही, आणि कारण नाही म्हणून जबाबदार असा कोणी अधिकारी नाही. खाण मात्र चालू आहे.

आणि ती कशी चालू होती? ही वर्षे चीनच्या पोलाद कारखान्यांच्या भुकेची वर्षे होती. एरवी ज्या कमी प्रतीच्या लोहखनिजाला कोणी विचारले नसते ते गोव्याच्या बंदरांतून जहाजे भरभरून जाऊ लागले. २०१०-११ या एका वर्षात ५ कोटी टनांहून अधिक खनिज गोव्यातून निर्यात झाले. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला आणि त्याच आठवड्यात, १० सप्टेंबरला, राज्य शासनाने खाणकाम थांबवले. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही ते रोखले. आयोगाने बेकायदा उत्खननाने झालेले नुकसान सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे अंदाजले होते. त्या आकड्यावर पुष्कळ वाद झाला, आणि आकडेमोडीच्या पद्धतीविषयी शंका घेणे गैरही नव्हते. पण आकड्याच्या भांडणात मूळ गोष्ट झाकली जाऊ नये. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती स्वच्छ शब्दांत मांडली: मानीव मुदतवाढीचा नियम पहिल्या नूतनीकरणापुरता आहे, दुसऱ्याला तो लागू होत नाही, कारण दुसऱ्या नूतनीकरणाला शासनाचे सकारण मत ही कायद्याची अट आहे आणि न बनवलेले मत बनवले आहे असे मानता येत नाही. सबब २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे सगळे उत्खनन बेकायदा. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे गोव्याचे डोंगर उतरवले गेले ते कोणत्याही आदेशाच्या बळावर नव्हे, तर कपाटातल्या निकाल न झालेल्या अर्जांच्या बळावर.

हे केवळ गोव्यात घडले असे नाही. ओडिशात १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर २६ पट्ट्यांतले काम थांबवले, आणि २ ऑगस्ट २०१७ च्या निकालात आवश्यक परवानग्यांशिवाय काढलेल्या खनिजाची संपूर्ण किंमत वसूल करण्यास सांगितले. हाती घेतलेल्या खनिजाची काही टक्के रॉयल्टी भरली म्हणजे ऋण फिटले, या मालकांच्या युक्तिवादाला तेथे पूर्णविराम मिळाला.

अर्जदाराला हक्क तरी कोणता असतो? या प्रश्नाचे उत्तर ज्या निकालात सापडते तो कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावा. तामिळनाडूत काळ्या ग्रॅनाइटच्या खाणी खाजगी ठेकेदारांकडे होत्या. राज्य शासनाने डिसेंबर १९७७ मध्ये ८-क हा नियम करून यापुढे हे पट्टे केवळ राज्याच्या महामंडळाला मिळतील असे ठरवले. ज्यांचे अर्ज आधीपासून पडून होते ते न्यायालयात गेले. अर्ज केला त्या दिवशीचा नियम लागू करा, शासनाने वेळेवर निकाल दिला असता तर पट्टा मिळाला असता, असे त्यांचे म्हणणे होते. १९८१ साली हिंद स्टोन प्रकरणात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकालपत्र लिहिले. खनिजाच्या पट्ट्यावर, वा त्याच्या नूतनीकरणावर, कोणाचाही जन्मसिद्ध वा प्राप्त हक्क नसतो. अर्जाचा निकाल हा निकालाच्या दिवशी जो नियम असेल त्यानुसार व्हावयाचा. आणि नद्या, वने, खनिजे ही राष्ट्राची संपत्ती असून एका पिढीने ती संपवून टाकावयाची नाही, असा त्याचा आशय. समाजवादी विचाराला इतके जवळचे निकालपत्र क्वचितच सापडते. पण त्याच निकालपत्रात असेही म्हटले आहे की अर्जांचा निकाल वाजवी वेळेत लागला पाहिजे. या दुसऱ्या वाक्याचा उल्लेख आपल्याकडे कमी होतो, कारण ते सरकारलाही अडचणीचे आहे. पट्ट्यावर हक्क नाही, परंतु निकालावर हक्क आहे, हा तो बारकावा. अर्ज फेटाळला गेला तरी अर्जदाराचे काही हिरावले जात नाही. अर्ज लोंबकळत राहिला तर मात्र त्या लोंबकळण्याचा भाव बाजारात ठरू लागतो.

मानीवपणाचा दुसरा अवतारही एके काळी या नियमांत होता. नव्या पट्ट्याच्या अर्जावर ठरावीक मुदतीत निकाल लागला नाही तर तो नामंजूर झाला असे मानले जाई, आणि मग अर्जदाराने केंद्र शासनाकडे पुनरीक्षणासाठी जावे. म्हणजे ज्याचे नाव नको असेल त्याला नकार देण्यासाठीही कोणाला लेखणी उचलावी लागत नसे. मौनाने पट्टा द्यायचा आणि मौनानेच पट्टा नाकारायचा, अशी ही दुहेरी सोय होती.

पुनरीक्षणाच्या कामात कारणे द्यावीत की नाहीत याचाही वाद जुना आहे. १९६० साली शिवजी नथुभाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्र शासनाचे असे काम अर्धन्यायिक स्वरूपाचे आहे, दुसऱ्या बाजूला ऐकून घेतल्याशिवाय पट्टा रद्द करता येणार नाही, असे ठरवले. १९६६ साली एम. पी. इंडस्ट्रीज प्रकरणात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी आणखी एक पाऊल टाकून आदेशात कारणे असलीच पाहिजेत असा आग्रह धरला. बहुमत त्यांच्याबरोबर गेले नाही. पुढच्या काळात कायद्याचा प्रवाह सुब्बा रावांच्याच दिशेने वळला. येथे एक गोष्ट टोचते ती सांगितली पाहिजे. या सगळ्या वादांत न्यायालयापुढे उभा असलेला मनुष्य खाणवाला आहे. सुनावणी त्याला हवी, कारणे त्याला हवीत. ज्याच्या विहिरीचे पाणी खाणीच्या खड्ड्यात उतरून जाणार तो शेतकरी या कागदपत्रांत पक्षकार म्हणून कोठेच दिसत नाही. नैसर्गिक न्यायाची सगळी इमारत अर्जदाराच्या भोवती उभी राहिली. तिचे दरवाजे गावाला उघडून देण्याचे काम पुढे चळवळींनी केले.

आता गोव्याच्या दुसऱ्या अंकाकडे यावे. २०१४ च्या निकालानंतर राज्य शासनापुढे पाटी कोरी होती. जुने पट्टे संपलेले. नवे कोणाला, कशा रीतीने आणि किती द्यायचे हे ठरवण्याची अशी संधी मुक्तीनंतर प्रथमच आलेली. न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घालून दिली होती आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत टाकण्यास सांगितले होते. शासनाने काय केले? ५ नोव्हेंबर २०१४ ते १२ जानेवारी २०१५ या दोन महिन्यांत ८८ पट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण जुन्याच धारकांच्या नावे करून टाकले. यापुढे खनिजपट्टे लिलावानेच दिले जातील असा अध्यादेश केंद्र शासनाने काढला तो १२ जानेवारी २०१५ रोजी, आणि कित्येक नूतनीकरणांवर त्याच दिवसाची तारीख आहे. ज्या कचेरीला सात वर्षांत एका अर्जाचा निकाल लावायला सवड मिळाली नव्हती तिच्या अंगात अचानक एवढी कार्यक्षमता संचारली.

दिरंगाई आणि घाई ही प्रशासनाची दोन भिन्न दुखणी आहेत असे समजले जाते. गोव्याच्या फायली पाहिल्या तर ती एकाच दुखण्याची दोन लक्षणे ठरतात. २००७ साली विचार केला असता तर कारणे लिहावी लागली असती, म्हणून विचार टाळला. २०१५ साली थांबले असते तर लिलाव करावा लागला असता, म्हणून थांबणे टाळले. दोन्ही वेळा कायद्याने सांगितलेला एकच प्रश्न, म्हणजे हे नूतनीकरण खनिजविकासाच्या हिताचे आहे काय, विचारलाच गेला नाही. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर व न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या पीठाने ही सर्व ८८ नूतनीकरणे रद्द केली आणि १६ मार्च २०१८ पासून काम थांबवण्यास फर्मावले.

येथे कामगारांचा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणे समाजवादी चळवळीला शोभणारे नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा हजारो कामगार, कर्ज काढून ट्रक घेतलेले गावकरी, बार्जवर काम करणारे खलाशी, रस्त्याकडेचे दुकानदार यांच्या चुली विझायची वेळ आली. ते मोर्चे काढून पणजीत आणि दिल्लीत गेले, आणि त्यांच्या मोर्च्यातली मागणी मालकांच्याच सोयीची होती: जुने पट्टे चालू करा, १९८७ चा कायदा बदला. पर्यावरणवाद्यांनी त्यांना मालकांचे हस्तक म्हणून हिणवले. हे हिणवणे अन्यायाचे होते. ज्याचा पगार थांबला आहे त्याने जो दरवाजा समोर दिसतो तोच ठोठावायचा. प्रश्न असा विचारायला हवा की त्याला दुसरा दरवाजा का दिसला नाही. खनिज सवलत नियमांच्या २७ व्या नियमानुसार किमान वेतनाहून कमी मजुरी द्यायची नाही आणि खाणीमुळे विस्थापित होणाऱ्यांना व आदिवासींना कामात प्राधान्य द्यायचे, या पट्ट्याच्या अटीच होत्या. म्हणजे नूतनीकरणाच्या अर्जाबरोबर या अटी पाळल्या की नाहीत याची झडती घेण्याची जागा कायद्यात होती. ती झडती व्हावी, त्या वेळी कामगार संघटनेला ऐकून घ्यावे, अशी मागणी १९८७ साली किंवा २००७ साली कोणी लावून धरली असती तर अर्जाचा निकाल ही कामगारांचीही बाब ठरली असती. तसे झाले नाही. कामगाराला अर्जाची आठवण झाली ती तो रद्द झाल्यावर. याचा दोष एकट्या कामगारांवर टाकता येत नाही. त्यांच्या संघटना बांधणाऱ्यांचे लक्ष बोनस आणि पगारवाढीच्या करारापलीकडे गेले नाही.

अर्जावर निर्णय झाला म्हणजे सगळे सुरळीत होते असेही समजू नये. १९५७ च्या कायद्यातले अकरावे कलम आधी अर्ज करणाऱ्याला प्राधान्य देत होते. ज्याला खनिजाची बातमी आधी कळते तो आधी अर्ज करतो; आणि बातमी आधी कोणाला कळते हे सांगायला नको. कर्नाटकात सांडूरच्या मँगनीज व लोहखनिजाच्या क्षेत्राबाबत राज्य शासनाने ठरावीक पोलाद कंपन्यांच्या बाजूने शिफारस केली, तेव्हा कायद्यात नसलेले निकष लावून ती केली असा ठपका सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१० च्या निकालात ठेवला आणि ती रद्द केली. कोळशाचे प्रकरण तर सर्वश्रुत आहे. १९९३ पासूनची छाननी समितीच्या शिफारशीने झालेली वाटपे मनमानी ठरून सप्टेंबर २०१४ मध्ये २१८ पैकी २१४ रद्द झाली. त्या समितीच्या इतिवृत्तांतून कोणाला का निवडले याची कारणे न्यायालयाला सापडली नाहीत. पक्ष वेगवेगळे, सरकारे वेगवेगळी, पण कोरी जागा फाइलच्या त्याच पानावर.

२०१५ पासून लिलाव आला आणि अनेकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. फायलींवरच्या शेऱ्यांचा बाजार लिलावाने आटोक्यात आणला हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे, आणि राज्याच्या तिजोरीत पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक पैसा येऊ लागला हेही. परंतु अधिक बोली हा एकच निकष झाल्यावर कायद्यातला खनिजविकासाच्या हिताचा प्रश्न विचारायचे कोणाला कारणच उरत नाही. शिवाय जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे उदाहरण पाहावे. खाणबाधित भागासाठी जुन्या पट्टेधारकाने रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम द्यायची, तर लिलावातल्या पट्टेधारकाने १० टक्के. राज्याचा वाटा वाढला आणि खाणीच्या तोंडाशी राहणाऱ्या गावाचा वाटा तिसऱ्या हिश्शावर आला.

त्याहून गंभीर गोष्ट क्रमाची आहे. गोव्यात डिसेंबर २०२२ मध्ये खाणगटांचे लिलाव सुरू झाले. आधी गट आखला, मग बोली लागली, मग बोलीदाराकडून रक्कम घेतली, आणि त्यानंतर २०२३ मध्ये डिचोलीच्या गटासाठी जनसुनावणी झाली. त्या सुनावणीत गावकऱ्यांनी घरे, देवळे, तळी आणि शेते गटाच्या हद्दीतून वगळा असे सांगितले. ही हद्द ज्या दिवशी कागदावर आखली त्या दिवशी त्यांना कोणी विचारले नव्हते. पैसे घेऊन झाल्यावर होणाऱ्या सुनावणीत शासन हा निःपक्ष श्रोता उरत नाही, तो विक्रेता झालेला असतो. प्रशासकीय कायद्याचे जुने सूत्र असे की ज्याचा निकालात स्वार्थ आहे त्याने निकाल देऊ नये. ते सूत्र लिलाव करणाऱ्या शासनाला लावून पाहायला न्यायालयेही अजून फारशी तयार नाहीत.

मग खाणी सार्वजनिक क्षेत्रात घ्याव्यात, एवढे म्हणून थांबण्याचा मोह चळवळीला होतो. हिंद स्टोनच्या निकालाने तो मार्ग खुला केला आहे आणि गोव्यानेही २०२१ मध्ये खनिज विकास महामंडळाचा कायदा केला. दिशा योग्य आहे. पण नियमगिरीची आठवण ठेवावी. ओडिशातल्या त्या डोंगरावर बॉक्साइट काढायला निघालेले ओडिशा मायनिंग कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळच होते. खनिज मात्र खाजगी कंपनीच्या कारखान्यात जायचे होते. डोंगरिया कोंध आदिवासींना विचारण्याचे त्या महामंडळालाही सुचले नाही. १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बारा पाड्यांच्या ग्रामसभांनी, जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा निरीक्षक समोर बसलेला असताना, एकामागून एक नकार दिला. अर्जदार सरकारी असला तरी अर्ज हा अर्जच असतो आणि त्याला तीच छाननी लागते.

नियमगिरीच्या ग्रामसभांचे बळ वनहक्क कायद्यातून आले हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९९६ चा पेसा कायदा खाणपट्ट्यापूर्वी ग्रामसभेची शिफारस बंधनकारक करतो, पण ती केवळ गौण खनिजांपुरती. म्हणजे वाळू आणि मुरूम यांबद्दल ग्रामसभेला विचारायचे आणि लोखंडाबद्दल नाही. गडचिरोलीच्या सुरजागडचे लोहखनिज या फटीतूनच निसटते. तेथील खाणीच्या वाढीव उत्पादनासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये जी जनसुनावणी झाली ती एटापल्ली तालुक्यात न होता शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या गावी झाली. माडिया शेतकऱ्याने मजुरी बुडवून, बसचे भाडे खर्चून, तेथे येऊन आक्षेप नोंदवायचा. २००६ ची पर्यावरण अधिसूचना सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या निकट घ्या असे सांगते. ‘निकट’ या शब्दाचा असाही अर्थ होऊ शकतो हे गडचिरोलीने दाखवले.

या अधिसूचनेतल्या काही गोष्टी खाणपट्ट्यांतल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असायला हव्यात. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत आली पाहिजे. पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध पाहिजे; गोव्यात आणि कोकणात कित्येकदा इंग्रजी जाडजूड ग्रंथ पुढे केला जातो आणि मराठी वा कोंकणी सारांशाची पाने दोन-चारच निघतात, तेव्हा हरकत तेथेच घ्यावी. सुनावणीला गणसंख्येची अट नाही, त्यामुळे गावाने बहिष्कार टाकला तरी ती झाली असे लिहिले जाते. बहिष्कारापेक्षा लेखी आक्षेपांचा गठ्ठा टेबलावर ठेवून पोच घेणे केव्हाही उपयोगाचे. आणि सुनावणी संपताना इतिवृत्त स्थानिक भाषेत उपस्थितांना वाचून व समजावून दाखवले पाहिजे, व जिल्हाधिकाऱ्याची सही त्यावर त्याच दिवशी झाली पाहिजे. बहुतेक ठिकाणी या वेळेपर्यंत मंडप अर्धा रिकामा झालेला असतो, पोलिसांच्या गाड्या परत फिरलेल्या असतात आणि कार्यकर्तेही घोषणा देऊन दमलेले असतात. इतिवृत्त वाचले जाईपर्यंत गावातल्या चार माणसांनी वही घेऊन बसून राहावे, आणि आपला आक्षेप त्यात शब्दशः उतरला आहे की नाही हे तपासूनच उठावे.